मागच्या भिंतीजवळचे निदण

सामान्य काळातील सोळावा रविवार
(मत्तय १३:२४-४३)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू गहू आणि निदणाचा दाखला सांगतो. हा दाखला दर तीन वर्षांनी नेमका खुरपणीच्या दिवसांत वाचला जातो. आपल्यापैकी बरीच कुटुंबे हर्सूलला राहत असली तरी त्यांचे गावाकडचे शेत सुटलेले नाही. या आठवड्यातही कितीतरी जण कन्नड, गंगापूर, पैठणकडे कोळपणी-खुरपणीला जाऊन आले असतील. अशा माणसाच्या कानावर हा दाखला पडला की त्याच्या मनात प्रश्न येणारच. शेतात तण दिसते आहे, गडी म्हणतात उपटतो, आणि मालक म्हणतो राहू द्या! असा मालक कोणत्या गावात असतो?

प्रभूचे श्रोतेही शेतकरीच होते. त्यांनाही हे विचित्र वाटले असणार. पण मालकाचे कारण शेतकऱ्याचेच आहे. पॅलेस्टाईनमधले ते निदण लहानपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते. ओंबी आल्याशिवाय फरक कळत नाही, आणि तोवर दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. एक उपटायला जावे तर दुसरे हातात येते.

आधीच सांगतो, हा दाखला शेतीचा सल्ला नव्हे. प्रभूने शिष्यांना त्याचा अर्थ स्वतः उलगडून सांगितला आहे. शेत म्हणजे जग, कापणी म्हणजे युगाचा अंत आणि न्याय करणारा देव. माणसामाणसांत निवाडा करण्याची घाई आपण करू नये, हे त्याचे सार. आजच्या पहिल्या वाचनातही देव सामर्थ्यवान असूनही सौम्यतेने न्याय करतो आणि पश्चात्तापाला सवड देतो, असे आपण ऐकले. तेव्हा या दाखल्यातून मी तणनाशकाविरुद्ध प्रवचन काढले, तर ते पवित्र शास्त्राशी प्रामाणिक राहणार नाही. मला त्यातली एकच बाजू आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. त्या गड्यांना आपल्या ओळखीची फार खात्री होती. काय गहू आणि काय निदण, हे आपल्याला कळते असे त्यांना वाटत होते. मलाही तसेच वाटले होते.

गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या सणाआधी मी आवाराची सफाई करून घेतली. मांडव कुठे घालायचा, गाड्या कुठे लावायच्या, याच्या गडबडीत मागच्या भिंतीकडेची झाडोऱ्याची पट्टी डोळ्यांत खुपत होती. तणनाशकाचे दोन पंप मारले. चार-पाच दिवसांत सगळे पिवळे पडले, मग वाळले, मग झाडून टाकले. आवार कसे लख्ख झाले! सणाला आलेल्या पाहुण्यांनी कौतुकही केले.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक आजी मागे जाऊन आल्या. म्हणाल्या, "फादर, भिंतीच्या कडंची कडवंची कुठं गेली?"

मी म्हणालो, "आजी, तिथे गवत होते. औषध मारले."

"गवत नव्हतं हो. कडवंची होती. दर पावसाळ्यात मूठ-दोन मूठ निघायची. भाजी करत होते मी."

रागावल्या नाहीत. थोडा वेळ थांबून एवढेच म्हणाल्या, "कंद जिता असंल तर येईल पुढच्या पावसाला. न्हाई तर गेली."

यंदाचा पाऊस पडला. मी रोज सकाळी प्रार्थनेनंतर मागे जाऊन पाहतो. गाजर गवत उगवले, केना उगवला. कडवंची नाही.

सेमिनरीत असताना मी तत्त्वज्ञान शिकलो. 'अस्तित्व म्हणजे काय' यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले आहेत. पण माझ्या भिंतीला लागून काय अस्तित्वात होते, हे त्या आजींना माहीत होते आणि मला नव्हते. त्या लाजेपोटी मी गेल्या वर्षभरात या विषयावर थोडे वाचले, काही शेतकऱ्यांशी बोललो. त्यातले काही आज सांगतो.

कडवंची ही कारल्याच्या कुळातली. करटुलेही त्याच कुळातले. आपण लावतो त्या जवळजवळ प्रत्येक पिकाची अशी रानात राहणारी भावकी असते. तुरीची रानतूर, मुगाचा रानमूग, तिळाचा रानतीळ, भेंडीची रानभेंडी, खरबुजाचे शेंदाड. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी रानातल्या याच गोतातून एकेक झाड निवडून घरी आणले. निवडताना त्यांनी काय पाहिले? शेंग वाळल्यावर तडकू नये, दाणे जमिनीवर सांडू नयेत. बी पेरले की सगळे एकदम उगवावे. कडूपणा कमी असावा, काटे-कुसळे नसावीत. माणसाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते, पण यात झाडाची शस्त्रे गेली. कडूपणा ही किडीविरुद्धची ढाल होती. टणक टरफलामुळे रानातले बी एका पावसात सगळे उगवत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही आणखी नंतर. म्हणजे एखादे वर्ष कोरडे गेले तरी वंश बुडत नाही. दुबार पेरणीचे दुःख ज्याने भोगले आहे त्याला याची किंमत मी वेगळी सांगायला नको.

आपल्या लग्नाकार्यात रुसणारी, बांधावरून भांडणारी भावकी संकटात मात्र धावून येते. पिकांचेही तसेच आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच आहे.

भेंडीवरचा केवडा तुम्हाला माहीत आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे पान पिवळे, आणि भेंडी पांढुरकी व निबर. काहीजण त्याला हळद्या म्हणतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा हा विषाणूरोग १९२४ साली जुन्या मुंबई इलाख्यात प्रथम नोंदला गेला. पुढे दिल्लीच्या संशोधन संस्थेची 'पुसा सावनी' ही जात आली, ती काही वर्षे टिकली आणि मग तीही रोगाला बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठातील डॉ. वाय. एस. नेरकर आणि एन. डी. जांभळे यांनी लावणीच्या भेंडीत उपाय शोधण्याऐवजी तिच्या भावकीकडे पाहिले. भेंडीची चुलत जात आहे, शास्त्रीय नाव अबेलमॉस्कस मॅनिहॉट. तिला हा रोग सहसा होत नाही. तिचा आणि पुसा सावनीचा संकर त्यांनी केला. दोन वेगळ्या जातींचा संकर म्हणजे खेचराची गत, बी धरण्याचीच अडचण. म्हणून पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर करत, पिढ्यामागून पिढ्या निवड करत त्यांनी एक वाण सिद्ध केला. खायला आपली नेहमीची भेंडी, पण रोगाशी झुंजण्याची ताकद त्या चुलत घराण्याची. १९८०च्या दशकात तो शेतकऱ्यांच्या हाती आला आणि १९८६ मध्ये त्याची माहिती परदेशातील शास्त्रीय नियतकालिकातही छापून आली. तीच आपली 'परभणी क्रांती'. तुमच्यापैकी अनेकांनी ती लावली आहे. बाजारातून आणून खाल्ली तर सर्वांनीच असेल.

पण गोष्ट इथे संपत नाही. काही वर्षांनी परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. विषाणू बदलतो, माशी नव्या भागात पोचते. म्हणजे एकदा भावकीकडे जाऊन काम भागत नाही, पुन्हा जावे लागते. पुन्हा जाऊ तेव्हा ती घरी असली पाहिजे.

भाताची कथाही अशीच आहे. सुमारे १९७० च्या काळात आशियात भाताला एक विषाणूरोग पडला, रोप खुजे राहून गवतासारखे व्हायचे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा एकच सापडला, तोही लावणीचा भात नव्हे. आपल्या उत्तर प्रदेशातून गोळा केलेला तो एक रानभात होता. शास्त्रज्ञ त्याला ओरायझा निवारा म्हणतात. नीवार हा रानभातासाठीचा आपलाच जुना संस्कृत शब्द. त्या रानभाताचा अंश असलेला 'आय. आर. ३६' हा वाण १९७६ मध्ये आला आणि लाखो शेतांत पोचला. कुणीतरी कधीतरी कुठल्याशा डबक्याकाठच्या गवताचे ते बी खिशात घालून नेले नसते तर?

बी खिशात घालून नेणाऱ्यांत आपल्या पवित्र सभेचे लोकही होते, हे मला वाचताना कळले आणि अभिमान वाटला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही आहे. त्यांच्यानंतर तिथे आले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. जन्म १९०३, स्पेनमधला. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात भिजत हिंडून त्यांनी तिथल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते भारत सरकारच्या वनस्पती सर्वेक्षण विभागाचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मूग-उडदाच्या भावकीतल्या, सह्याद्रीच्या उत्तर भागातच सापडणाऱ्या एका रानकडधान्याला त्यांनी खंडाळ्याचे नाव दिले. आज ते विग्ना खंडालेन्सिस म्हणून ओळखले जाते. मिस्सा आणि वनस्पती या दोन गोष्टींत त्या धर्मगुरूला अंतर वाटले नाही. मी मात्र पंप मारला.

आपण शहरात जाता-येता हर्सूल कारागृहाच्या भिंतीजवळून जातो. तिथून जाताना मला हल्ली एका कैद्याची आठवण येते. तो इथला नव्हे. रशियाचे निकोलाय वाविलोव्ह हे शास्त्रज्ञ जगभर हिंडून पिकांचे आणि त्यांच्या रानटी नातेवाइकांचे बी गोळा करत. लेनिनग्राड शहरात त्यांनी मोठे बियाणे-भांडार उभे केले. राज्यकर्त्यांची मर्जी फिरली, त्यांना तुरुंगात टाकले, आणि जगाच्या अन्नाची काळजी वाहणारा हा माणूस जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा होता. १९४१ ते १९४४. शहरात अन्न नव्हते. भांडारात तांदूळ होता, शेंगदाणे होते, गहू होता. त्यांची राखण करणारे काही शास्त्रज्ञ त्या पोत्यांशेजारी उपाशी मेले, पण बियाण्याला हात लावला नाही. ते सोव्हिएत राजवटीतले लोक, त्यांनी देवाचे नाव घेतले असेल-नसेल. मला त्यांचा निवाडा करायचा नाही. आजचे शुभवर्तमान तेच तर सांगते.

योसेफाची कथा तुम्हाला पाठ आहे. मिसरात सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ. आपण कोठारांपर्यंतच कथा सांगतो. पण उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात पुढे लोक योसेफाकडे येऊन नुसते अन्न मागत नाहीत, बियाणे मागतात, म्हणजे जमीन ओस पडणार नाही. आपल्या घरांतूनही १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी निघतात. रोजगार हमीची खडी, सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो. तेव्हा पोटाला आधार द्यायला तरोट्याचा, कुर्डूचा पाला होता, असे जुनी माणसे सांगतात. आणि बियाण्याची मडकी मात्र राख घालून उतरंडीत वर ठेवलेली. खायची नाहीत.

आज मोठ्या प्रमाणावर ही राखण सरकार करते. दिल्लीला राष्ट्रीय जनुक पेढी आहे, तिथे उणे १८ अंश थंडीत चार लाखांहून अधिक नमुने ठेवले आहेत. त्याच संस्थेचे एक केंद्र १९७७ पासून अकोल्याला आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर बर्फाळ डोंगराच्या पोटात जगभरच्या बियाण्यांची तिजोरी २००८ मध्ये उघडली. २०२२ मध्ये आपल्या राज्य सरकारने 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पाला मंजुरी दिली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जपले म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वाचले असेलच. ही सगळी मोलाची कामे आहेत. तरी एक फरक लक्षात घ्या. राहीबाईंचे वाण शेतात माणसाच्या हाताने वाढतात. रानातल्या भावकीला पेरणारा कोणी नाही, तिला फक्त जागा लागते. आणि तिजोरीतले बी झोपलेले असते. बाहेर नवी कीड येते, पाऊस लांबतो, उन्हाळा वाढतो, यातले त्याला काहीच कळत नाही. बांधावरची वेल मात्र दरवर्षी त्या सगळ्याशी झगडून थोडी थोडी बदलत असते. म्हणून तिजोरीही हवी आणि बांधही हवा.

बांध! लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात देव इस्राएलला आज्ञा देतो की कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नका, त्या गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा, आपोआप उगवेल ते गरिबांना आणि उरेल ते रानपशूंना, असे निर्गमच्या २३ व्या अध्यायात आहे. त्या आज्ञा गरिबाच्या पोटासाठी होत्या, वनस्पतिशास्त्रासाठी नव्हेत. पण कडा शिल्लक राहिली की तिथे उगवणारेही शिल्लक राहते. आपले बांध आता नांगराच्या एकेका फेरीने बारीक होत चालले आहेत. उरलेल्यावर पंप. ज्या कडेवर गरिबाचा हक्क देवाने ठेवला होता, त्याच कडेवरची भाजी त्या आजी माझ्या आवारात खुडत होत्या, हे मला फार उशिरा सुचले.

पंप मारणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. खुरपायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि पाऊस लागला की तण पिकाच्या वर जाते. व्यासपीठावरून उपदेश करणाऱ्याने एक दिवस वाकून खुरपावे. माझे म्हणणे शेताबद्दल नाही, कडेबद्दल आहे.

आणि रानटी म्हणजे सगळे चांगले, असेही समजू नका. गाजर गवत उपटाच, फुलावर येण्याआधी, हातात पिशवी घालून. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय ४) दुष्काळात अलीशाच्या शिष्यांपैकी एकाने रानवेलीची अनोळखी फळे आणून कालवणात चिरली आणि खाणारे ओरडले की हंड्यात मरण आहे. आपल्याकडचे कडू वृंदावन ते हेच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ते कलिंगडाच्या भावकीतले आहे, पण म्हणून कोणी त्याची भाजी करू नये! ओळखणाऱ्याला विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालू नका, मुलांनाही घालू देऊ नका.

रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात संत पौल रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या जैतुनावर कलम केल्याचा दृष्टान्त देतो. ती फांदी म्हणजे आपण, यहुदी नसलेले. कलम उलटे आहे, हे पौलालाही ठाऊक आहे. शेतकरी रानटी खोडावर चांगली फांदी बांधतो, देवाने उलट केले. जी फांदी कुणाच्या हिशेबात नव्हती तिला त्याने मुळाचा रस दिला. मग पौल लगेच बजावतो की फांदीने फुशारकी मारू नये, ती मुळाला उचलून धरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विचारले होते की देवाने इतक्या तऱ्हेची सृष्टी का केली. त्यांचे उत्तर असे की देवाचा चांगुलपणा कुठल्याही एका जीवात पुरा मावत नाही, एकात जे उणे राहते ते दुसऱ्यात दिसते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्यांचाच आधार घेतला आणि आपल्यामुळे नाहीशी झालेली प्रत्येक जाती देवाचे गौरव करायची थांबते, तसा आपल्याला अधिकार नाही, असे स्पष्ट लिहिले. सेमिनरीत अक्वायनस यांचे ते उत्तर मी परीक्षेत लिहिले होते. चांगले गुणही मिळाले होते.

आता कामाचे. धर्मग्राम समितीत मागच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवून गाड्यांची सोय करण्याचा विषय आहे. गाड्यांची अडचण खरी आहे. माझी विनंती एवढीच की भिंतीलगतची चार हात जागा मोकळी सोडावी आणि तिथे कुणीही, मीसुद्धा, औषध मारू नये. पुढच्या रविवारी मिस्सानंतर सभा आहे, तेव्हा विरोध असेल तो मोकळेपणाने मांडावा.

ज्यांचे शेत किंवा माहेर गावाकडे आहे त्यांनी यंदा दिवाळीपर्यंत बांधावर लक्ष ठेवावे. रानमूग, रानतूर, रानभेंडी, शेंदाड, कडवंची, करटुले यांपैकी काही दिसले तर पूर्ण पिकू द्यावे. शेंग तडकायच्या आत, पण वाळल्यावर, बी काढावे. एकाच झाडाचे न घेता अनेक झाडांचे थोडे थोडे घ्यावे, पाच भागांतले चार तिथेच राहू द्यावेत. कंद उपटू नये. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालावे, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. पाकिटावर गावात म्हणतात ते नाव, गाव, जागा आणि तारीख लिहावी. नाव आणि गाव नसलेले बी संशोधकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी घरच्या आजी-आजोबांना विचारून नावे लिहून आणावीत. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही असावी, असा २००२ चा कायदा आहे. गावी गेलात तर ती वही आहे का, आपल्या बांधावरचे त्यात लिहिले आहे का, हे विचारून या.

त्या आजी गेल्या आठवड्यात पैठणकडे बहिणीच्या शेतावर जाऊन आल्या. परवा रुमालाच्या गाठीत बांधून कडवंचीचे मूठभर वाळके बी आणि एक कंद माझ्या हातात ठेवला. बी उगवण्याचा भरवसा नाही, कंदाचा आहे, असे त्या म्हणाल्या. भिंतीपासून हातभर अंतरावर, त्यांनी दाखवली त्या जागी आम्ही दोघांनी तो लावला. मी खड्डा केला, तो खोल झाला म्हणून त्यांनी अर्धा बुजवला. जागेवर चार दगड मांडले आहेत. तिकडे गाडी लावू नये.

तुमचा धर्मगुरू